शेवटचं नीट कधी पाहिलं?

आप्पांच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि बंडीवर पडला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ मला नक्की आठवते, कारण मी मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं होतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. पाथरीच्या बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. त्या वेळी त्यांचं वय अडुसष्ट होतं. गळ्यातल्या डबीत इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्यांचा आवाज फारसा चढत नसे, कारण घरात तो चढवायची वेळच कुणी येऊ देत नसे. काय आणायचं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, दुकान किती वाजता उघडायचं, हे सगळं ते ठरवत आणि बाकीचे ते ऐकत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तेव्हा लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि ऐकणाऱ्यांत मीही होते.

त्या दिवशी नवरा पहाटेच्या एसटीनं नांदेडला माल बघायला गेला होता. घरात आप्पा, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नऊला शाळेसाठी निघायचं म्हणून मी डबा भरत होते. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात नेहमीच्या पाटावर बसले होते. त्यांनी बशी डाव्या हातात धरली होती, हे मला जरा वेगळं वाटलं, पण मी डबा भरत राहिले. मग चहा सांडला. त्यांना ते कळलंच नाही. बंडीवर डाग पसरत होता आणि ते समोर बघत चहा पीतच होते.

मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. उजवी बाजू खाली आली होती. फार नाही. फोटो तिरका टांगावा तेवढी.

आमच्या शिक्षकांचं एकदा प्रशिक्षण होतं. जेवणानंतरच्या तासाला दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या होत्या. निम्मं सभागृह पेंगत होतं आणि मी मांडीवर वह्या घेऊन तपासत बसले होते. त्या सिस्टरनी काय काय सांगितलं त्यातलं बहुतेक मी विसरले. एवढंच राहिलं: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं. यातलं एक जरी अचानक दिसलं तर आधी घड्याळ बघा, मग एकशे आठला फोन लावा, आणि माणसाच्या तोंडात काही घालू नका. हे त्यांनी तीनदा म्हटलं होतं, म्हणून राहिलं असावं.

"आप्पा, जरा दोन्ही हात वर करता का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना अंगठे धरून उभं राहायला सांगितलं होतं. ते काहीतरी बोलले. शब्द एकमेकांत गुंतून आले. "मी काय साळंतलं पोरगं हाय का," असं ते म्हणाले, हे मला थोड्या वेळानं उमगलं. तरी त्यांनी हात वर केले. माझ्यासाठी नाही, मला गप्प करायला. डावा हात डोक्यापर्यंत गेला. उजवा पोटापर्यंत आला आणि मांडीवर पडला.

आता यानंतर मी लगेच फोन लावला असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी लावला नाही. मी फडकं घेतलं आणि ओटा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. अंदाजे चार मिनिटं गेली.

त्याला एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, लग्नाची भांडी घ्यायला खेड्यातून एक बाई दुकानात आल्या होत्या. उन्हातून आल्या आणि घागरींच्या उतरंडीपाशीच कोसळल्या. हाक मारली तरी डोळे उघडेनात. मी एकशे आठला फोन केला. गाडी यायला वीसेक मिनिटं लागली. तोवर त्या बाई उठून बसल्या, लिंबाचं सरबत प्यायल्या आणि गाडीतले डॉक्टर दुकानात शिरले तेव्हा त्या एका हंड्याच्या भावावरून आप्पांशी घासाघीस करत होत्या. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब तपासला, वहीत काही लिहिलं. मी ओशाळून उभी होते. ते जाताना मला म्हणाले, "बेशुद्ध होत्या ना? मग बोलावलं ते बरोबरच केलं." पण हे फक्त मी ऐकलं. आप्पांनी वेगळं ऐकलं असावं. त्यानंतर पाहुण्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, माझ्या माहेरच्या माणसांसमोरसुद्धा ते सांगत, "आमच्या मास्तरीणबाई शिंक आली तरी गाडी बलवतेत." सगळे हसत. मीही हसत असे.

त्या सकाळी ओटा पुसताना माझ्या डोक्यात ते वाक्य होतं. समोरचा माणूस वाकड्या तोंडानं बसला होता आणि मी तो उद्या मला काय म्हणेल याचा विचार करत होते.

आत्याबाई मोरीतून आल्या. त्यांनी आप्पांकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "वारं लागलं आसंल," त्या म्हणाल्या. "तेल गरम करते. चोळलं की उतरतंय." त्यांनी पळी हातात घेतली. मग म्हणाल्या, "थोडं साखरपाणी देऊ का?"

"नका देऊ," मी म्हणाले. "तोंडात काही घालायचं नाही."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बहुधा त्या आवाजामुळेच मी पुढचं केलं. फोन घेतला आणि लावला.

पलीकडून एका तरुण माणसाचा शांत आवाज आला. त्यानं पहिल्यांदा विचारलं ते हे, की मी कुठून बोलतेय. जिल्हा, तालुका, गाव. परभणी, पाथरी, पाथरी. मग काय झालंय. मी सांगितलं: तोंडाची उजवी बाजू खाली आलीय, उजवा हात उचलत नाही, बोलणं बोबडं, वय अडुसष्ट, आठ वीसला बघितलं. शुद्धीवर आहेत का? आहेत. श्वास नीट चाललाय? चाललाय. इथपर्यंत मी वर्गात हजेरी घ्यावी तशी बोलत होते.

"पत्ता सांगा, ताई."

मी थांबले. आमच्या घराला पत्ता आहे, आधार कार्डावर छापलेला आहे, पण तो मी कधी तोंडानं कुणाला सांगितला नव्हता. लागलाच नव्हता. मागून आत्याबाई म्हणाल्या, "आप्पांचं दुकान म्हणाव. कुणाला बी इचारा म्हणाव."

मी तसंच सांगितलं. आप्पांचं पूर्ण नाव आणि भांड्यांचं दुकान.

"ताई, मी तिथला नाही, लांब बसलोय," तो माणूस म्हणाला. "गाडीच्या पायलटला, म्हणजे ड्रायव्हरला, सापडेल अशी खूण सांगा. मोठा रस्ता कोणता? तिथून किती आत? गाडी दारापर्यंत येते का?"

एसटी स्टँडकडून येणारा रस्ता, चौक, चौकात बँक, बँकेच्या मागची गल्ली, गल्लीत डाव्या हाताला सहावं दुकान. हे मला एकेक आठवून सांगावं लागलं. आणि गाडी दारापर्यंत येते का, याचं उत्तर होतं, नाही. सकाळी त्या गल्लीत भाजीचे गाडे लागतात. तो म्हणाला, चौकात कुणाला तरी उभं करा, गाडी दिसली की हात करायला. फोन मोकळा ठेवा, पायलटचा फोन येईल. पेशंटला एका कुशीवर निजवा, एकटं सोडू नका, चालवत आणू नका. औषधं चालू असतील तर ती बरोबर घ्या. मी हो हो म्हणत होते आणि आप्पा माझ्याकडे बघत होते.

"कु... कुनाला," ते म्हणाले.

"गाडी बोलावली, आप्पा."

"वापस पाठव."

हे दोन शब्द मात्र अगदी स्पष्ट आले. नऊ वर्षांत त्यांनी काही सांगितलं आणि मी "हो" म्हणाले नाही, असं पहिल्यांदा झालं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. डावा हात चौकटीला लावला, अर्धे उठले, आणि उजवा पाय खालून निघून गेल्यासारखा ते कलंडले. मी आणि आत्याबाईंनी त्यांना धरून सतरंजीवर डाव्या कुशीवर निजवलं. आत्याबाई त्यांच्या डोक्याशी बसल्या. तेल गरम करायचं त्या विसरल्या होत्या किंवा त्यांनी ते सोडून दिलं होतं.

मी दुकानातून जाऊन शटर वर केलं. समोर एका चाचांचं शिवणकामाचं दुकान आहे. चाचा आणि आप्पा पस्तीस वर्षं समोरासमोर बसतात. चाचांनी नुकतं मशीनवरचं कापड काढलं होतं. मी रस्त्यातूनच सांगितलं, "चाचा, आप्पांना लकव्यासारखं झालंय. गाडी येतेय. चौकात कुणीतरी पाहिजे."

त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "तुम अंदर रहो बेटी, उनके पास. मैं चौक में खडा रहता," ते म्हणाले आणि चपला न घालताच निघाले. जाता जाता त्यांनी भाजीवाल्यांना हाका मारायला सुरुवात केली. गाडे हलताना मी ऐकले. एक बाई ओरडत होती की तिची मेथी सांडली.

आत आले तर शेजारचे दोघं-तिघं मागच्या दारानं येऊन उभे होते. एक जण म्हणाला, अमक्या गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, त्याच्या मेव्हण्याला गुण आला होता, त्याची जीप आहे, आताच काढतो. दुसरा म्हणाला, कांदा फोडून नाकाला लावा. कुणाच्याही बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी म्हणाले, गाडी येतेय. "मालक न्हाईत ना घरी? त्यांना इचारलं का?" जीपवाल्यानं विचारलं. मालक म्हणजे माझा नवरा. त्याचा फोन लागत नव्हता, तो मी तोवर दोनदा लावून पाहिला होता. "लागला की सांगते," मी म्हणाले आणि आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी शोधायला गेले.

आठ पन्नासला गाडी चौकात आली. स्ट्रेचर घेऊन पायलट आणि एक तरुण डॉक्टर बाई गल्लीतून चालत आले, पुढं चाचा. मागच्या दाराला वळण आहे, तिथून स्ट्रेचर निघेना, म्हणून दुकानातून न्यायचं ठरलं. डॉक्टर बाईंनी आधी आप्पांचं बोट टोचून साखर तपासली, रक्तदाब घेतला. आप्पांनी डाव्या हातानं त्यांना दूर सारलं. "मला काई झालं न्हाई," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, पण आता ते फक्त आम्हालाच समजत होतं, ज्यांना ते काय म्हणणार हे आधीच ठाऊक होतं.

डॉक्टर बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी आपली दोन बोटं आप्पांच्या उजव्या मुठीत ठेवली. "बाबा, काही झालं नसेल तर मी वापस जाते," त्या म्हणाल्या. "फक्त माझी बोटं दाबून दाखवा."

आप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. आम्ही सगळेच बघत होतो. त्यांच्या कपाळावर शिरा आली, जबडा ताठ झाला, आणि हात तसाच राहिला. असं दहा-पंधरा सेकंद चाललं असेल. मग त्यांनी मान फिरवली. त्यानंतर स्ट्रेचरवर घेताना त्यांनी विरोध केला नाही.

दुकानातून जाताना स्ट्रेचरचा धक्का लागून पातेल्यांची एक चळत कोसळली आणि त्या आवाजानं गल्लीतली उरलेली माणसंही दारात आली. तेवढ्यात आप्पांचं धोतर सुटलं. मी ते पाहिलं, पण माझ्या एका हातात गोळ्यांची पिशवी होती आणि दुसऱ्यात फोन. चाचांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्यावर टाकला.

गाडीत माझ्याबरोबर आत्याबाईही चढल्या. एकालाच येता येईल, असं पायलट म्हणत होता. त्या म्हणाल्या, "मी खाली बसते, जागा लागत न्हाई मला," आणि खरोखरच खाली बसल्या. डॉक्टर बाईंनी दार ओढून घेतलं. त्यांनी गाडी गावातल्या दवाखान्यात न थांबवता थेट परभणीला घ्यायला सांगितली, कारण डोक्याचा फोटो काढायचं मशीन तिथं होतं. आपण येतोय, हे त्यांनी फोनवर तिथं कळवलं. मानवत ओलांडल्यावर माझ्या नवऱ्याचा फोन आला. मी त्याला काय झालं ते तीन वाक्यांत सांगितलं. तो विचारत राहिला, "पण आप्पा काय म्हणायलेत?" मी म्हणाले, "ते काही म्हणू शकत नाहीत."

परभणीच्या दवाखान्यात आम्ही दहाच्या आत पोचलो. आप्पांना लगेच आत नेलं. एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले. ते घाईत होते, पण त्यांनी माझ्यासमोर उभं राहून नीट विचारलं, "हे कधी सुरू झालं?"

"आठ वीसला," मी म्हणाले. हे उत्तर मी सकाळपासून जपून ठेवलं होतं.

"तुम्ही आठ वीसला बघितलं. सुरू कधी झालं ते विचारतोय. ह्यांना शेवटचं नीट कधी पाहिलं? बोलताना, चालताना, एकदम व्यवस्थित?"

मी विचार करू लागले. आंघोळीला जाताना पाहिलं होतं. पण तो साडेसहाचा सुमार. त्यानंतर ते पूजेला बसले आणि मी स्वयंपाकात होते.

डॉक्टर समजावून सांगू लागले. मेंदूच्या नसेत गुठळी अडकलीय असं वाटतंय. फोटोत रक्तस्राव दिसला नाही, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण ते सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर फायदा कमी आणि डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका जास्त. म्हणून वेळ खरी पाहिजे. अंदाज नको.

"सव्वासात," आत्याबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला लागून उभ्या होत्या. आम्ही दोघंही त्यांच्याकडे वळलो.

"पूजेला बसल्यावर," त्या खाली बघत म्हणाल्या. "डबीतून लिंग काढायलेत आन् हातातून सुटलं. खाली पडलं. मी फुलं द्यायला गेलते तवा. रेडिओवर सातच्या बातम्या संपून गाणं लागलं व्हतं. त्याच्या आदी चांगले व्हते. मला म्हणले, कुनाला सांगू नको."

इष्टलिंग हातातून खाली पडणं ही आमच्या घरात किती मोठी गोष्ट आहे, ते त्या डॉक्टरांना कदाचित ठाऊक असेल, कदाचित नसेल. त्यांनी त्यावर काहीच विचारलं नाही. ते म्हणाले, "सव्वासात. नक्की?"

"नक्की."

"म्हणजे पावणेबारापर्यंत," ते म्हणाले आणि आत गेले.

मला तेव्हा आत्याबाईंचा राग आला होता का, हे मी नंतर स्वतःला विचारलं आहे. आला नव्हता. मला एवढंच जाणवलं की माझी आठ वीसची वेळ चुकीची होती, आणि ती मी फार खात्रीनं सांगितली होती. त्या बोलल्या नसत्या, तर डॉक्टरांनी माझ्या शब्दावर हिशेब केला असता.

फोटोत रक्तस्राव निघाला नाही. एक कागद आला. इंजेक्शनचे धोके त्यावर लिहिले होते आणि नातेवाइकाची सही हवी होती. मी नवऱ्याला फोन लावला. तो नांदेडहून निघाला होता, पण रस्त्यात होता. "तू काय म्हणतेस?" त्यानं विचारलं. लग्नानंतर असा प्रश्न त्यानं मला पहिल्यांदाच विचारला असेल असं नाही, पण मला दुसरी वेळ आठवत नाही. मी म्हणाले, सही करते. नात्याच्या रकान्यात "सून" लिहिलं. पावणेअकराला इंजेक्शन सुरू झालं.

पुढं जे झालं ते चमत्कारासारखं नव्हतं. दुपारी आप्पांची बोटं हलली. दुसऱ्या दिवशी तोंड बरंच सरळ झालं. बोलणं यायला महिना लागला, आणि अजूनही ते दमले की "स" आणि "श" त्यांच्या तोंडात विरघळतात. उजवा पाय चालताना किंचित ओढतो. उजव्या हातानं पेला उचलता येतो, पण भरलेली घागर नाही, आणि भांड्यांच्या दुकानात ही काही छोटी गोष्ट नाही. डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तर आणखी बरंच गेलं असतं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

घरी आल्यावर आप्पा माझ्याशी बोलत नव्हते. आधी मला वाटलं, बोलणं नीट येत नाही म्हणून. मग लक्षात आलं की चाचांशी ते बोलतात, नवऱ्याशी बोलतात. मी ताट वाढलं की ते मान खाली घालून जेवत. हे जवळजवळ दीड महिना चाललं. मी शाळेत जात होते, येत होते, त्यांच्या बोटांचा व्यायाम करून घेत होते. व्यायामाच्या वेळीही ते भिंतीकडे बघत.

एका रविवारी मी त्यांच्या हातात पिळायचा रबरी चेंडू दिला, तेव्हा ते म्हणाले, "सगळ्या बाजारानं मला तसं बघितलं."

मी त्यांची बोटं चेंडूभोवती नीट लावली.

"धोतर सुटलं व्हतं."

"हो," मी म्हणाले. "मी बघितलं. माझे हात मोकळे नव्हते."

ते चेंडू दाबत राहिले. मग त्यांनी विचारलं, "फोनवर पत्ता काय सांगितला?"

"बँकेच्या मागची गल्ली, डावीकडं सहावं दुकान."

"माझं नाव न्हाई सांगितलं?"

"आधी तेच सांगितलं, आप्पा. त्यांना माहीत नव्हतं."

त्यांनी चेंडू दाबायचा थांबवला. पाथरीत आपलं नाव सांगून माणूस पोचत नाही, ही गोष्ट त्यांना धोतरापेक्षा जास्त लागली असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं. पण त्यांनी चेंडू माझ्या हातात परत दिला तेव्हा "घे" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. आभार वगैरे मानायची आमच्या घरात पद्धत नाही आणि मी त्याची वाटही बघत नव्हते. मास्तरीणबाईंच्या गाडीची गोष्ट मात्र त्यांनी सांगायची सोडली.

मठातले स्वामी एकदा घरी आले. त्यांनी सांगितलं, आजारानं हात सुटला, त्यात माणसाचा दोष नाही. त्यांनी विधी केला. आता आप्पा डबी डाव्या हातानं उघडतात आणि पूजेला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

आत्याबाई त्या दिवसाबद्दल बोलत नव्हत्या. दिवाळीच्या आधी आम्ही दोघी अनारशाचे तांदूळ धूत होतो, तेव्हा त्यांनी अचानक विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"तोंडावरून. चहा सांडला तेव्हा."

"मला तर त्याच्या बी आदी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पूजेतच. उचलायला वाकले तर उजवा हात जमिनीवर चाचपायलेत नुसता. मीच उचलून दिलं. पण ते न्हाई म्हणले मग..." त्यांनी पाणी ओतलं, तांदूळ पुन्हा चोळले. "येक तास मी तशीच बसले."

मी म्हणाले, मीही ओटा पुसत बसले होते. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, कशासाठी ते मला कळलं नाही.

हात पुसून त्यांनी आपला फोन आणला. बटणांचा, जुना. आत्याबाईंना वाचता येत नाही. आलेला फोन उचलायचा आणि हिरवं बटण दोनदा दाबून मुलाला लावायचा, एवढं त्यांना येतं. "मला दाखव," त्या म्हणाल्या.

मी आकडे शिकवायला गेले, पण ते लांबत गेलं. मग जागा दाखवल्या. सगळ्यात वरचं, डाव्या कोपऱ्यातलं. मग सगळ्यात खालचं, मधलं. मग त्याच्याच वरचं. मग हिरवं. मी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं तीनदा तसं करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला चुकल्या, तिसऱ्या खेपेला बरोबर आलं.

"पैशे नसले फोनमंदी तर?"

"तरी लागतो."

"आन् काय म्हणायचं?"

"जिल्हा परभणी, तालुका पाथरी, गाव पाथरी. मग काय झालंय ते. ते विचारतील तसं सांगायचं. ते ठेवा म्हणेपर्यंत आपण ठेवायचा नाही."

त्यांनी ते पाठ म्हटलं. जिल्हा परभणी, तालुका पाथरी, गाव पाथरी. गाव दोनदा कशाला सांगायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, त्यांच्या कागदावर तालुक्याची आणि गावाची रेघ वेगळी असते. हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी ते तसंच ठेवलं. मग तांदूळ निथळायला ठेवून त्या आत गेल्या. मी तिथंच होते, आणि आतून त्यांचा आवाज येत होता. त्या आप्पांना सांगत होत्या, फोन माझ्या उशाशी ठेवत जाईन आजपासून. आप्पा त्यावर काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.